शंकरदादाचा कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून

९ मार्च २००३, सकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक नोंदी. मनातलं वगैरे लिहिणार नाही.

दादाचा कॉम्प्युटर काल दौंडहून वडगावला आला. दादा गेल्यावर रेल्वेची क्वार्टर सोडावी लागली, म्हणून म्हाळसावहिनी, त्यांची अंकिता आणि सगळं सामान एकाच टेम्पोत. मॉनिटर ज्वारीच्या पोत्यावर बसवून आणला. वहिनी काही बोलत नाहीत. आईचं बोलणं थांबत नाही. कॉम्प्युटर माझ्या खोलीत घेतला.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती कुणालाच सांगितलेली नाही. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. चुलत्यांनी हात जोडले, शंकर, अंकिताचं लगीन आम्ही करू, काळजी करू नको. कावळा झाडावरच. मग कुणी म्हणालं, म्हाळसाला अंतर देणार न्हाई. मग विहिरीच्या वाटणीचं वचन झालं. ऊन डोक्यावर आलं. दगडोबामामा म्हणाले, शंकर, तुझी म्हस इकणार न्हाई, जा बाबा आता. त्याच वेळी मी मागं उभा राहून, ओठ न हलवता म्हणालो: दादा, तुझा कॉम्प्युटर चालू ठेवीन. अपग्रेडसुद्धा करीन.

कावळा उतरला. गावात अजून सगळे म्हशीचंच सांगतात.

मी सातवीला विज्ञान शिकवतो. कावळा भातासाठी येतो. तरी दिलेला शब्द पाळावा. वर्षश्राद्धापर्यंत अपग्रेड पूर्ण करायचा. अवघड नाही. घाबरण्यासारखं तर काहीच नाही.

१० मार्च
कॉम्प्युटर लावला. चालू झाला. पंख्याचा आवाज दादाच्या घोरण्यासारखा येतो, ही फक्त निरीक्षणाची नोंद.

खोलीत धूळ फार. सीपीयूच्या कॅबिनेटवर आजोबांची काळी घोंगडी पांघरली. आमच्या लोकांत देवसुद्धा घोंगडीवर मांडतात. तिच्या आतल्या वस्तूला ऊन, पाऊस, नजर काही लागत नाही. आजोबांनी तिच्यात कोकरं जगवली. प्लास्टिकच्या कव्हरला ती सर नाही.

२३ मार्च
संध्याकाळी जळका वास आला आणि सगळं बंद. मी बाहेर पाणी प्यायला गेलो. पळालो नाही. अंगणात आई म्हणाली, बापू, तोंड असं का पांढरं पडलं? मग वास घेऊन म्हणाली, शंकर रागावला का रं?

तिला मी काहीही सांगितलेलं नाही. तरी ती नेमकं हेच का म्हणाली?

३० मार्च
कॅबिनेट मांडीवर घेऊन आधी जीप, मग एसटी. दौंडला स्टेशनसमोर विश्वजीतचं दुकान आहे. दादा त्याच्याकडेच जायचा. विश्वजीत म्हणाला, गुरुजी, एसएमपीएस उडालाय, म्हंजी करंट देणारा डबाच गेला. नवीन टाकतो, गाडी कशी पळंल बघा. शंकरदादा बिचारे, दर महिन्याला यायचे आन् म्हणायचे, इश्वा, या दिवाळीला अपग्रेड करायचा.

म्हणजे दादाच्या मनात तेच होतं. कावळ्याने बरोबर ओळखलं. (कावळा भातासाठी येतो.)

दुपारभर दुकानात चालवून पाहिला. उत्तम चालला.

६ एप्रिल
घरी लावला. या वेळी काळजी म्हणून घोंगडी दुहेरी केली. दिवे लागायच्या वेळेला बंद.

दौंडला चालतो आणि इथे बंद पडतो, याचा अर्थ काय? मी अर्थ लावणार नाही. दादाची सगळी नोकरी दौंडला गेली. त्याला इथे करमत नसेल, असं आई म्हणाली असती. मी म्हणत नाही.

आज ओसरीवर झोपतो. खोलीत उकडतं.

२२ जून
शाळा सुरू झाली. मध्ये पुन्हा दौंडला जाऊन आलो, पुन्हा नवा एसएमपीएस. आता बटण दाबलं की लांब शिटी मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. पडदा काळा. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, म्हणाल्या, भाऊजी, कुकर कुठं लावलाय? आई मीठमोहरी घेऊन आली. मी कडक विरोध केला. शिक्षकाच्या घरात हे शोभत नाही, म्हणालो. नंतर विचार केला, मोहरीने मशीनला अपाय होण्याचं कारण नाही. दार मीच लावून घेतलं, म्हणजे कुणी बघायला नको.

शिटी तशीच.

६ जुलै
विश्वजीत म्हणाला, रॅम गेली. मला नवल वाटलं नाही, मी तोच अंदाज बांधला होता. म्हणालो, मग अपग्रेडची सुरुवातच करू. जुन्यासारखी नको, नव्यातली मोठी द्या. तो म्हणाला, गुरुजी, ती ह्याला बसायची न्हाई. मी म्हणालो, द्या, मी बघतो. मी डीएड केलेलं आहे.

७ जुलै
बसत नाही. खाच दुसऱ्या जागी आहे. थोडा जोर दिला. कट्ट असा आवाज आला, तो बहुधा टेबलाचा.

यातून चांगलं काय निघालं, तर अपग्रेडचा एक भाग आता हातात आहे. तिला बसणारा मदरबोर्ड घ्यायचा, त्या मदरबोर्डला बसणारा पेंटियम फोर घ्यायचा. उलटीकडून सुरुवात झाली एवढंच. तोपर्यंत जुन्या पद्धतीची रॅम आणून काम भागवू.

२१ सप्टेंबर
जुन्या पद्धतीची रॅम बसवली. चालू झाला. पण पडद्यावर तारीख आली १ जानेवारी १९९९.

त्या जानेवारीत दादाने हा कॉम्प्युटर घेतला होता. मला फोन करून म्हणाला होता, बापू, ये की बघायला, अख्ख्या कॉलनीत पहिला. मी तेव्हा गेलो नाही. शाळेची तपासणी होती.

मी खुर्चीवरून उठलो आणि देवघराच्या बाजूला बसलो. तिथे वारा चांगला येतो.

दौंडला फोन लावला. विश्वजीत म्हणाला, गुरुजी, बॅटरी संपली आसंल, बटणासारखी आसतीय, घड्याळात टाकतात तसली. तुम्ही तारीख बदला की हातानं.

बदलीन. घाई नाही. दोनचार दिवस राहू दे १९९९.

१९ ऑक्टोबर
अपग्रेडचा पक्का आराखडा: नवा मदरबोर्ड, पेंटियम फोर, मोठी हार्डडिस्क, सीडी रायटर. सीडी रायटर कशाला ते नंतर ठरवू. दिवाळीत सगळं उरकायचं.

२ नोव्हेंबर
दिवाळीत उरकलं नाही. पहिली दिवाळी, घरात फराळ नव्हता, कुणाकडे जाणं नव्हतं. वेळ भरपूर होता, हे खरं. पण मदरबोर्ड बदलायचा म्हणजे आतलं सगळं काढायचं. दादाने स्वतः बसवून घेतलेलं काय उरणार? कॅबिनेट आणि त्यावरचं दौंडच्या क्वार्टरमधल्या दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू.

हा प्रश्न तांत्रिक आहे. अभ्यास करावा लागेल.

१६ नोव्हेंबर
पुन्हा बंद. सकाळी चालू होतो, दिवे लागले की बंद. मी हे आता सहन करू शकत नाही. म्हणजे खर्च आणि धावपळ.

आई रात्री जेवताना म्हणाली, त्याचा जीव कशात तरी आडकलाय. ताटावरून उठलो. तिखट लागलं.

२३ नोव्हेंबर
विश्वजीत मोटारसायकलवर स्वतः घरी आला. म्हणाला, दुकानात चालतंय आन् तुमच्यात मरतंय, मला झोप न्हाई, काय भानगड हाय ती बघतोच. मी बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे घोंगडी नीट चारी बाजूंनी खोचली.

तो बघतच राहिला. मग म्हणाला, गुरुजी, हे काय करताय?

मी म्हणालो, धूळ.

तो म्हणाला, आवो, आत हीटर हाय समजा. त्याला वारं लागतंय. तुम्ही त्याला गोधडीत घालून झोपवताय! ह्यानंच दोन डबे जाळले तुम्ही. मग घोंगडीला हात घासून कॅबिनेटला बोट लावलं. चट्ट असा आवाज झाला. म्हणाला, आन् रॅमबी अशीच गेली. लोकरीचा करंट.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्या हसल्या. पदर तोंडाला लावून खूप वेळ हसल्या. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या, ह्यांना सांगितलं आसतं तर ह्यांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं आसतं.

आई मात्र रागावली. विश्वजीतला म्हणाली, घोंगडीला नावं ठेवू नगंस, देवाची हाय ती.

घोंगडी तत्त्वतः चूक नाही. वापराची पद्धत सुधारायची होती.

७ डिसेंबर
सुरळीत चालू.

२१ डिसेंबर
सुरळीत चालू. शाळेतून आलो की लावतो, समोर बसतो, जेवणाच्या वेळी बंद करतो. काय करायचं असतं ते माहीत नाही. दादा पत्ते खेळायचा. मी ते उघडलं नाही, त्याचा डाव अर्धा असेल तर. विश्वजीत म्हणतो, तसा डाव राहत न्हाई. त्याला काय माहीत.

११ जानेवारी २००४
सुरळीत चालू. वास नाही, शिटी नाही, बॅटरी नवी घातल्यापासून तारीख बरोबर. याचीच जास्त भीती वाटते. आधी काहीतरी व्हायचं आणि मी दौंडला जायचो. आता नुसता चालतो. दादा काहीच म्हणत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. अपग्रेडचं बघायला हवं. पुढच्या रविवारी नक्की.

१८ जानेवारी
रविवार. सर्दी.

१ फेब्रुवारी
वहिनींना दादाच्या जागी रेल्वेत नोकरी मिळाली. दौंडलाच, ऑफिसात. वर्षश्राद्ध झालं की रुजू व्हायचं. अंकिताही तिकडच्या शाळेत जाईल. चांगली बातमी आहे. मी तसं दोनदा म्हणालो.

१५ फेब्रुवारी
वर्षश्राद्ध काल पार पडलं. अपग्रेड झालेला नाही. त्याबद्दल मी कुणाशी, कुठेही, काहीही बोललो नाही. मान खाली घालून पंगतीत वाढत होतो.

आज सकाळी वहिनी खोलीत आल्या. म्हणाल्या, भाऊजी, ऑफिसात कॉम्प्युटर शिकावा लागंल म्हणतात. ह्यांचा न्यावा म्हणते. चालतोय न्हवं?

मी म्हणालो, नाही.

का म्हणालो माहीत नाही. वर्षभर तो बंद पडू नये म्हणून जीव काढला. म्हणालो, बंद आहे. कालपासून. मदरबोर्ड असेल, मोठं काम आहे, इथेच राहू दे, मी बघतो.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग पुढं होऊन बटण दाबलं. मी मनात म्हणालो, दादा, एकदा. एवढा एकदाच बंद पड.

लगेच चालू झाला. इतका पटकन आजवर कधीच झाला नव्हता.

वहिनींनी पडद्यावरून बोट फिरवलं, धूळ नव्हती. म्हणाल्या, चांगला ठिवलाय भाऊजी. तिथं गेल्यावर अपग्रेडबी करून घेते इश्वजीतकडनं. लई मनात होतं ह्यांच्या.

२२ फेब्रुवारी
टेम्पो गेला. मी वायरी काढून, गुंडाळून, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून दिली होती, म्हणजे तिथे अडचण यायला नको. आली तर मी रविवारी येऊ शकतो, तेही सांगितलं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. लावला म्हणाल्या. मी विचारलं, चालू झाला? म्हणाल्या, व्हय. मी विचारलं, एकदम? म्हणाल्या, व्हय, एकदम. काही लागलं तर सांगते.

७ मार्च
अजून काही लागलेलं नाही.