विमानाची वरची बाजू

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरलेला नाही. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? तुम्ही गेलात म्हणून तुमचं ते खोटं बोलणं खरं थोडंच झालं? सध्या मी तेच विमान पुन्हा करायला घेतलंय. पांगाऱ्याचं लाकूड आहे आणि पटाशी तुमचीच. भोसरीत पोराच्या शेडमध्ये दिवसभर मशीन कोकलत असतं, मी मागच्या खोलीत बसून लाकूड घासते. नात विचारते, "आजी, कुणासाठी?" मी म्हणते, माझं होतं ते परत घेतेय.

तेव्हा आपण चऱ्होलीत होतो. इंग्रजांच्या काळातली मोठी लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, पण लढाईतली ती चार इंजिनांची बॉम्बर विमानं लोहगावच्या बाजूनं अजून आपल्या ज्वारीवरून जायची, इतकी खालून की कणसं हलायची. मी पाखरं राखायला माळ्यावर. हातातली गोफण तशीच, आणि मी उताणी पडून कडब्याची काडी डोळ्यासमोर धरून मापं घेतेय, लांबी किती, पंख किती. तुम्ही बांधावरून ओरडता, "पाखरं रान खात्यात आन् ही आभाळात बघती!" घरी आल्यावर कान पिळलात. तरी मी विमान केलंच. तुम्ही पिंपरीच्या कारखान्यात खोकी ठोकायला गेलात की तुमची हत्यारं काढायची आणि तुम्ही यायच्या आत पुसून ठेवायची. पत्र्याचे पंखे केले, शेपटीला दोन उभ्या फळ्या लावल्या. गाडीच्या चाकाला द्यायच्या हिरव्या रंगात काजळी घालून पाठ रंगवली, पांढऱ्यात चुलीची राख चाळून पोट. पोट हुबेहूब उतरलं. पाठ मात्र अंदाजानं. वरून विमान मी कुठं पाहिलेलं? तुम्ही पाहिलंत तेव्हा नुसतं पंखाच्या कडेवरून बोट फिरवलंत आणि फळीवर ठेवून दिलंत. मला वाटलं, आवडलं.

मग हुरड्याला तुमचे साहेब आले. फळीवरचं विमान त्यांनी उचललं, उलटं करून पाहिलं. "कुणी केलं हो?" मी चटणी वाढत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

"थोरल्यानं, साहेब. हात लई चांगला हाय त्याचा."

साहेबांनी दादाला विचारलं, शेपटीला दोन फळ्या का? दादा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हणाले, "त्या विमानाला तशाच हायेत, मी..."

"तू आत जा," तुम्ही म्हणालात. "भाकरी करपतीय."

चुलीवर भाकरी नव्हती, आबा. तवासुद्धा नव्हता. मी आत जाऊन रिकाम्या चुलीपुढं बसले. बाहेर दादाचं कारखान्यात सुतारकाम शिकायला जायचं ठरलं, आणि विमान साहेबांच्या गाडीतून गेलं. रात्री मी रडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला काय कारखान्यात जायचंय व्हय? नाव घराचंच झालं न्हवं?" मला जायचं होतं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न उरकलंत. दादाला रंधा धरता येईना, त्याला गोदामात ओझी उचलायला घातलं. ते ऐकून मी सासरी गोड शिरा केला होता. सासूला वाटलं, काही गोड बातमी आहे.

तुमच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. दादानं सगळं कबूल केलं, शेत विकणार नाही, आईला सांभाळीन. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, हलायला तयार नाहीत. मग दादा माझ्याकडे वळला. त्याला ठाऊक होतं. "बोल की गं, राग न्हाई म्हण. तुझ्यापाशीच अडलंय त्यांचं." सगळा घाट माझ्याकडे बघतोय. खरं सांगू, आबा, मला फार बरं वाटलं. जन्मात एकदा तुमचं काहीतरी माझ्या शब्दावाचून अडलं होतं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "मी जाते. भाकरी करपतीय." शेवटी म्हणे दर्भाचा कावळा करून शिववला. मी तोवर घरी पोहोचले होते आणि तुमची हत्यारांची पेटी उचलली होती.

तेव्हा बोलले नाही त्याचं आजही वाईट वाटत नाही. परत वेळ आली तरी तेच म्हणेन. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, पिंडाखाली तर मुळीच ठेवायचं नाही. विमान होत आलंय. पोट रंगवून झालं, राख चाळूनच. पाठ कोरी ठेवली आहे. तुम्ही आता वर आहात, तिथून ती कशी दिसते ते तुम्हाला ठाऊक असणार. काल ब्रश हातात घेऊन मी तुम्हाला विचारणारच होते. तोंडातून "आबा" निघालंसुद्धा, मग ब्रश धुऊन ठेवला.