तलावावरची बाई

बाबा, काल सकाळी मी उमरखेडच्या अलीकडच्या त्या तलावावर एकटीच जाऊन आले. काठानं तीच बेशरमाची झुडपं, उथळ पाण्यात पाणकणीस आणि चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि पाखरांच्या आधी माणसं शोधली. कोण बसलंय, कोणासोबत बसलंय. आईची ही खोड माझ्यात पुरती उतरली आहे.

तुम्ही तहसील कचेरीत कारकून. थंडीतल्या दर रविवारी भल्या सकाळी सायकल काढून पाखरं पाहायला निघायचात, आणि आईला ते कधीच पटलं नाही. "एवढ्या थंडीत पाखरं पाह्यले कोण जाते?" चुलीशी बसून ती म्हणायची. तुम्ही परतलात की तुमच्या सदऱ्याचा वास घ्यायची, पायजम्याला चिकटलेलं गोखरू उलटसुलट करून पाहायची. शेवटी तिनं मला तुमच्यासोबत धाडलं. नऊ वर्षांची होते मी. निघताना मला न्हाणीत नेऊन ती हळूच म्हणाली, "कोण भेटते, काय बोलते, समदं ध्यानात ठेवजो."

त्या दिवशी तुम्ही मला हळदीकुंकू बदक दाखवलंत, चोचीच्या टोकाला पिवळं, कपाळाशी लाल ठिपके. मग चक्रवाकांची जोडी उतरली. तुम्ही श्वास रोखून वाकलात, आणि मी कंटाळून पाण्यात खडा मारला. दोन्ही पाखरं उडून गेली.

"तुले काही समजतेच नाही का? पुन्हा आणणार नाही तुले," तुम्ही म्हणालात. तुमचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. जवळच पाण्यात शिंगाडे काढणाऱ्या बाईनंही तो ऐकला. काठावर येऊन तिनं माझ्या ओंजळीत ओले शिंगाडे घातले. "लेकरू आहे भाऊ, कायले रागावता?" तुम्ही ओशाळून हसलात.

घरी आईनं शिंगाडे पाहिले. "कोणं देल्ले?"

"एक बाई आहे तिथं. बाबा तिच्यासंग हसत होते."

पिठातला तिचा हात थांबला. "केवढी आहे?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तुमचं रागावणं अजून कानात होतं. म्हणाले, "तुझ्याएवढी."

तुमचं दोघांचं काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी सायकल अंगणातच उभी होती, त्याच्या पुढच्याही. तुम्ही मला कधी काही विचारलं नाही. पण जेवताना माझ्याकडे पाहायचात, तेव्हा मी ताटात मान घालायचे. तुम्हाला कळलं होतं का? की ते पाहणं साधंच होतं आणि त्यात मीच काहीबाही शोधत बसले, तुम्ही गेल्यावरही इतकी वर्षं? हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

काल घरी आले तेव्हा आई ओसरीवर उन्हात बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. "कोठी गेलती?"

"तलावावर."

तिनं माझ्या आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. मग म्हणाली, "ते बाई अजून येते काय तिथं?"

"नाही दिसली," मी म्हणाले.

बाबा, त्या बाईचे तेव्हाच सगळे केस पांढरे होते, तोंडात एकही दात नव्हता. आईला हे सांगायची हीच वेळ होती, आणि मी चहा ठेवायला उठले.