तू हसलीस तिथं काय होतं?

प्रिय मंगल,

हे 'प्रिय' लिहिलं आणि मलाच कसंतरी झालं. उभ्या संसारात तुला मी 'अगं ए' सोडून दुसरी हाक मारली नाही. नीलमच्या लग्नपत्रिकेत तुझं नाव छापून आलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, "या बया, मला बी नाव हाय व्हय!" आता कागदावर लिहायचंय तर नीट लिहावं म्हटलं.

लिहायला कारण घडलं. काल जुन्नरला गेलो होतो. बाजारपेठेत कापडदुकानाच्या पायरीवर शेठ बसले होते. आपले शेठ गं, नारायणगावला डायलिसिसच्या खोलीत तुझ्या शेजारच्या पलंगावर असायचे ते. पार वाळलेत. मला बघून हात केला, चहा सांगितला. तुझ्याबद्दल लगेच काही बोलले नाहीत, ते बरं केलं. लोक भेटले की आधी चेहरा पाडतात आणि मग आपल्यालाच त्यांची समजूत काढावी लागते.

चहा संपल्यावर शेठ म्हणाले, "भाऊ, एक विचारू का? लई दिवस डोक्यात हाय. तो केकचा पिक्चर व्हता बघा. त्यात घंटा वाजती, आगगाडी जाती, मग सगळं गप्प. आन् तिथं वहिनी अशा हसल्या, का सिस्टर पळत आली. काय व्हतं ओ तिथं?"

मी रिकामा कप पायरीवर ठेवला. शेठच पुढं म्हणाले,

"फोनचं तोंड तुमच्याकडं. मला नुसतं ऐकू यायचं. वहिनी हसल्या म्हणून मी बी हसलो. आता मशीनवर पडलो का ते आठवतं. म्हटलं, आपण हसलो तरी कशाला, येवढं तरी कळावं."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. "बघून सांगतो," म्हणालो. शेठनी माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं. "बघून? तुमी तर तिथंच बसून व्हता की."

बसून होतो. चार-चार तास, त्या स्टुलावर, तुझ्या डाव्या हाताशी. पण मंगल, तुला एक सांगायचं राहून गेलं. त्यातला एकही पिक्चर मी पाहिलेला नाही.

तुला हसू येईल. प्रत्येक पिक्चरवर माझं मत असायचं, आणि तेही खोलीभर ऐकू जाईल असं. सुरुवात आठवते ना? पहिले काही दिवस तू मालिका लावायचीस. एक दिवस त्यातल्या सुनेनं गळा काढला तशी म्हणालीस, "रडाय घरी काय कमी हाय? हितं दुसरं कायतरी लावा." मग नीलमनं पुण्याहून येऊन फोनात हॉलिवूडचे हसायचे पिक्चर भरून दिले, हिंदीत बोलणारे. अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली आपली पोरगी, आईच्या दुखण्यावर तिला हे औषध सुचलं. मी वैतागलो होतो. म्हटलं, गोऱ्यांचे विनोद आपल्याला काय कळणार? तू म्हणालीस, "पडलेला माणूस कुठला बी असू द्या, पडल्यालं कळतं."

पिक्चरबद्दल मी तेव्हा जे बोललो ते मागे घेणार नाही. हल्लीच्या त्या पिक्चरांना काही ताळतंत्र नाही. एक तर माणसं ओकल्याशिवाय त्यांचा विनोद पुढं सरकत नाही. दुसरं, ते उडणारे वीर. खाली शहर बुडतंय, पूल पडतोय आणि हे वर लोंबकळत एकमेकांना टोमणे मारतायत. तिसरं म्हणजे म्हातारे झालेले हिरो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एक पिक्चर चालला, तर आता त्याच काकांना पुन्हा पळायला लावायचं, गुडघे वाजले की लोकांनी हसायचं. आमचेही वाजतात, तिकीट लावू का? आणि भाषा! डोळ्यांवर जाड चष्मा लावलेला अमेरिकेतला प्रोफेसर, आणि बोलतो रिक्षा स्टँडवरच्या टपोरीसारखा. "नुसती मोटार चालू, पाण्याचा पत्ता नाही," असं मी म्हणालो की तू विचारायचीस, "मंग बंद करू?" आणि मी म्हणायचो, राहू दे, लावलाय तर.

तुझं बघणं माझ्यापेक्षा बरं होतं. त्यांची घरं बघून तू म्हणाली होतीस, "येवढा मोठा वटा, आन् एक भाजी चिरायला न्हाई. हे खात्यात काय?" शेठ तेव्हा इतके हसले की त्यांच्या मशीननं शिटी मारली.

एका पिक्चरात नवरा-बायकोवर वीज पडते आणि ती एकमेकांच्या अंगात जातात. आठवतं? नवऱ्याला घर सांभाळायला लागतं आणि त्याची दाणादाण उडते. मी म्हणालो, आपलं तसं झालं तर बरं होईल, निदान चार दिवस तुझ्या जागी मी झोपेन. तू एकदम गंभीर झालीस. "नगं. दाभणासारख्या सुया हायेत ह्या. तुमाला बोटाला कापलं तर घर डोक्यावर घ्याल." मग पुन्हा पिक्चर बघायला लागलीस. मी खरंच झोपलो असतो गं तुझ्या जागी. तसं तुला नीट, थट्टा सोडून सांगायला हवं होतं.

तर, पिक्चर का पाहिले नाहीत ते सांगतो. अगदी पहिल्या दिवशी ती मढ गावची सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "काका, मावशींच्या तोंडाकडं लक्ष ठेवा. मशीनवर बीपी पडतो. घाम आला, जांभया यायला लागल्या, बोलणं थांबलं, का लगेच हाक मारायची." मला शेतातलं एक काम सांगितलं की मी तेच करत राहतो, तुला माहीत आहे. ती मला म्हणाली तोंडाकडं बघा, मी तोंडाकडं बघत राहिलो. पिक्चर मला नुसता ऐकू यायचा, बाकी तू सांगशील तेवढंच. मोठ्यानं मतं देत होतो ती तू उत्तर द्यावंस म्हणून. तू उत्तर दिलंस की पाच मिनिटं जीव भांड्यात पडायचा. हसलीस की दहा मिनिटं.

आणि तुझं हसणं काय होतं मंगल! डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही. म्हणून तू सगळ्या अंगानं हसायचीस आणि तो एक हात उशीवर तसाच. मी तो मनगटाशी धरून ठेवायचो. हाताला वरून थरथर जाणवायची.

शेठला शब्द दिला होता म्हणून आज दुपारी फोन काढला. तू गेल्यापासून त्यातलं काही लावलं नव्हतं. नीलमनं विचारलं होतं, बाबा, पुसून टाकू का, जागा अडकलीय. मी नको म्हणालो. ओट्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, दवाखान्यात ठेवायचो तसाच, आणि केकचा पिक्चर पहिल्यापासून लावला. आणि या खेपेला पडद्याकडे बघितलं.

गोष्ट अशी आहे. एक बाप असतो, पोरीच्या लग्नाचा चार मजली केक त्यानं स्वतः केलेला असतो. तो केक जुनाट गाडीत घालून तो लांब पोरीच्या गावी निघतो. वाटेत पंक्चर काय, मधमाश्या काय, एक शेळी काय, सगळं होतं. केक एकेक मजला खचत जातो. शेळी केक खाते तिथं तू हसली होतीस, ते मला आठवत होतं. खरंच हसण्यासारखं आहे ते. मलासुद्धा जरा हसू आलं.

मग ती घंटा आली. रेल्वेचं फाटक लागतं. घंटा वाजते, आगगाडी जाते. फाटक उघडतं.

आणि तिथं काहीच नाही, मंगल.

बाप नुसता गाडीत बसून आहे. स्टिअरिंगवर हात. गाडी चालू करत नाही. थकलाय, डोळे भरलेत. मागं कोणी पडत नाही, केक घसरत नाही, शेळी नाही. बराच वेळ नुसता बसलेला तो माणूस. मला वाटलं माझंच काही बघायचं राहिलं, म्हणून मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. तिथं हसण्यासारखं काहीही नाही.

मग मला पलंगावरचं आठवायला लागलं, कारण तेव्हा मी बघत होतो ते तेच. पिक्चर गप्प झाला म्हणून मी तुझ्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. तुझा उजवा हात चादरीत रुतला होता. पायाची बोटं आवळलेली. कपाळावर ओल होती. मी सिस्टरला हाक मारायला मान वळवली, आणि तू हसलीस. खदाखदा. सिस्टर आपणहून पळत आली, "मावशी, काय झालं?" तू म्हणालीस, "काय न्हाई गं बाय, पिक्चरला हसले." ती तुझ्यावर रागावली, तरी तिनं मशीनचं काहीतरी कमी केलं आणि गेली. शेठ हसले. मी स्टुलावर सैल बसलो. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो, कारण तू एवढी हसली होतीस.

पायाला गोळा आला होता ना तुझ्या?

का नाही सांगितलंस? मी घाबरतो म्हणून? माझा चेहरा पडतो म्हणून? सिस्टरनं मला तुझ्या तोंडाकडं बघायला सांगितलं होतं. माझ्या तोंडाकडं बघायला तुला कोणी सांगितलं होतं?

म्हणजे त्या खोलीत पिक्चर कोणीच बघत नव्हतं. मी तुला बघत होतो आणि तू मला. आणि बिचारे शेठ नुसते ऐकत होते.

मला तुझा राग आलाय. खरंच आलाय. भांडायला तू नाहीस म्हणून कागदावर भांडतोय. आता मी बाकीच्या पिक्चरांचं काय करू? कुठलं हसू तुझं आणि कुठलं माझ्यासाठी, हे तपासत बसू? फोनात अजून कितीतरी आहेत. मला ते लावायची छाती होत नाही. त्या दिवसानंतर तू फार राहिलीही नाहीस. त्या सकाळी चहा ठेवून मी गोठ्यात गेलो, परत आलो तर चहा तसाच आणि तू भिंतीला टेकून. शेवटच्या त्या दिवसांत तुझं दुखणं मी हसण्यावर मोजत होतो, आणि तू मला मापात मारलंस.

पिक्चर पूर्ण पाहिला. केक पोचतो, पण उरलेला असतो तळचा एक मजला, तोही धुळीचा. पोरगी लग्नाच्या कपड्यांतच गाडीच्या बॉनेटवर बसते आणि हातानंच खाते. बाप तिच्याकडे बघत उभा. मत विचारशील तर पिक्चर बरा आहे. अर्धा तास कमी करायला हवा होता.

आता गुरुवारी शेठ मशीनवर असतील. त्या रस्त्यानं मी तू गेल्यापासून गेलो नाही, नारायणगावचं काम असलं तरी दुसऱ्याला पाठवतो. पण या गुरुवारी जाणार आहे. त्या खोलीत जाणार, त्याच स्टुलावर बसणार.

आणि शेठला खरं सांगणार नाही.

मी एक विनोद रचलाय. फाटक उघडतं, बाप केक ठीक आहे का बघायला मागं जातो. मधमाशी नाकावर बसते. तो दचकून मागं सरकतो आणि टेकायला म्हणून बसतो, तो थेट वरच्या मजल्यावर. मागचा गाडीवाला हात हलवतो तर हा केकवर बसूनच त्याला खुणेनं सांगतो (शेठनी तिथं काही ऐकलेलं नाही ना), "जा की पुढनं, मी जेवतोय." मला विनोद सांगता येत नाहीत. मी सांगितला की लोक विचारतात, मग पुढं? म्हणून गोठ्यात जाऊन दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघितला. म्हशीनं काही दाद दिली नाही. पण गुरुवारपर्यंत जमेल.

तुझं हसू खोटं होतं हे तुझ्या-माझ्यापलीकडं कोणाला कळणार नाही. शेठला नाही, नीलमलाही नाही. त्यांच्याकडं ते आहे तसं राहू दे. हे माझं वचन.

शेठ हसतील, मी त्यांचा सुईचा हात धरून ठेवीन. आणि त्यांच्याबरोबर मीही हसेन, मंगल. तू हसलीस तसाच. कोणालाही कळणार नाही.

तुझा,
बाळासाहेब