बैठा ओटा

सोम, ३ नोव्हें.
भूगावच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. माझे सगळे नकाशे नापास. तिथल्या बाईंना "अजून कपाटं हवीत", म्हणून मी कपाटं वाढवत गेले. आज केतकी गेली. आमच्या इंटिरियरच्या धंद्यातली धाकटी पार्टनर, मीच घेतलेली. तिनं मापच घेतलं नाही. तिथं उभी राहून चहा केला म्हणे! मग कपाटांच्या आड येणारा फ्रिज हॉलमध्ये ढकलला आणि होती ती कपाटं पुरली. बाईंचा फोन, "यापुढे केतकी मॅडमनाच पाठवा हं."
"हो हो, नक्की," म्हटलं. नुसता जळफळाट.

मंगळ, ४
माझी पद्धत आधी माप, मग नकाशा, मग दर, मग सुतार. इतकी वर्षं चाललंय की नीट. के. कुठूनही सुरू करते, मधेच मागे येते, कधी प्रश्नच बदलून टाकते. वर सगळ्यांची लाडकी. आमचा सुतारसुद्धा हल्ली "केतकीताईंना विचारतो" म्हणतो. मेला.

शुक्र, ७
जेवताना नवऱ्यापाशी के.च्या नावानं खडे फोडले. सासूबाई ऐकत होत्या.
"बोलाव की त्या पोरीला. आपला ओटा बी तिलाच करू दे."
आपला? नेऱ्याच्या या घराचं स्वयंपाकघर मी केलंय! गुळगुळीत काळा ग्रॅनाइट. पण ह्या अजून मागच्या पडवीत, शेगडी जमिनीवर ठेवून भाकऱ्या थापतात. हट्ट, दुसरं काय.

रवि, ९
नवऱ्यानं बोलावलंच. के. सरळ पडवीत फतकल मारून बसली, भाकरी थापली, ती फाटली. सासूबाई किती हसल्या! माझ्याबरोबर कधी अशा हसल्या नाहीत. मग तिला सांगत बसल्या, उभं राहिलं की पायाला मुंग्या येतात, थापायला जोर मिळत नाही. आणि, "हितनं म्हस दिसती. त्याबिगर करमत न्हाई."
ती गेल्यावर मी फणकारलेच, "मला का नाही सांगितलंत कधी?"
"तू टेप घिऊन आलीस. मी बाजूला झाले."

बुध, १२
के.चा मेसेज: आईंसाठी बैठा ओटा, पडवीतच. काढू का नकाशा?
आईंसाठी! हिच्या आई कधीपासून? उत्तर दिलेलं नाही. नकाशा चांगला होणार हे माहीत आहे, तेच तर...
सकाळी पडवीत गेले. त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांनी परात उचलली, भिंतीकडे सरकल्या.
"घे माप."
टेप आणलाच नव्हता.