मोत्यानं खाल्लेलं बाशिंग

आरमोरीच्या नानाजीला शाळेत त्याच्या बाकावर डावीकडं बसणाऱ्या केवळरामचा रामराम.

तुझे गुडघे, वहिनींचा खोकला आणि गोठ्यातले दोन्ही बैल ठीक असतील, असं धरून चालतो. (बैलांचं मुद्दाम विचारलं. कारण पुढं येईल.) आपण हात मागं बांधून कविता म्हणायचो, ते तुला आठवतं का? शेवटच्या ओळीला खिडकीबाहेरचं मोहाचं झाड डोलायचं. (वारा असायचा, हे आता कळतं.)

तर यंदा पोळ्याची बाशिंगं मी घरीच केली. तुझ्या जोडीलाही दोन पाठवली होती. प्रत्येकावर माझ्या चार ओळी. गेल्या साली पावसात दोरा सुटून माझं कडवं चिखलात पडलं, म्हणून यंदा बारीक तारेनं बांधली. तोरणाखाली झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणताना लोकांनी मला दुसऱ्याच ओळीला खाली बसवलं, पण आमचा बैल मोत्या शेवटपर्यंत उभा राहिला. असा श्रोता या वयात कुठं मिळतो? म्हणून पोळा सरल्यावर त्याचं बाशिंग त्याच्याच गव्हाणीवर टांगलं. एक दिवस ते दिसेना. वाऱ्यानं नेलं समजून मी त्यावरही एक उदास कडवं जुळवलं.

दसऱ्यापासून मोत्या गंभीर झाला. वैरणीला तोंड लावेना. कोपरं फाकवून, मान लांब करून तासन्‌तास उभा. मी समोर बसून कविता म्हणायचो आणि तो नेमका ओळ संपली की कण्हायचा. मला भरून यायचं. आमची ही, रुखमाबाई, म्हणाली, "बैल ऐकून नाई राह्यला, त्याले दुखून राह्यलं. डॉक्टरीणबाईले बलवा." बायकांना काव्य कळत नाही, असं म्हणून मी पंधरा दिवस घालवले.

शेवटी गुरांच्या डॉक्टर मंजुषाबाई आल्या. मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली, गळ्याखाली पाणी उतरलेलं. त्यांनी विचारलं, "बाबाजी, यानं तार-खिळा गिळला का?" आमचा बैल तसा नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मोत्या गेला. साथ तर नाही ना, या धास्तीनं गावानं चिरफाड करायला लावली. हृदयाभोवतीची पिशवी पुवानं भरलेली, हृदयावर खरवसासारखा पिवळट थर, आणि पोटातून छातीचा पडदा भोसकून तिथवर पोचलेली माझी तार. कागद, बेगड, चारही ओळी पचून गेल्या होत्या. मंजुषाबाई म्हणाल्या, "दसऱ्यालाच बलावलं असतं, तर पोटात चुंबक सोडून पाह्यलं असतं." शेजारचा लटारू म्हणाला, "त्याले कविता पचली बाबाजी, आमाले तेबी नाई जमलं." कोणी हसलं नाही. रुखमाबाईनं तार धुतली आणि माझ्या वहीवर आणून ठेवली.

तुझा,
केवळराम

ता. क. कविता कायमची सोडली. सोबत मोत्यावरचं बावीस कडव्यांचं शोकगीत जोडलं आहे.

ता. क. ते दोऱ्यानं शिवलं आहे.

ता. क. तुझी बाशिंगंही त्याच तारेची. वाचणं इथंच थांबव, गोठ्यात जा आणि मोज. एक जरी कमी असलं तर तशाच पावली डॉक्टर आण. माझ्यासारखा ऐकत बसू नको. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, असं रुखमाबाई म्हणते. पण फोन सहा वेळा केला. पोळ्याला तुला फोनवर दोन्ही बाशिंगं म्हणून दाखवली, तेव्हापासून तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. पुन्हा फोन करीन. एकही ओळ म्हणणार नाही. तू नुसतं "दोन" म्हण आणि खुशाल ठेवून दे.