गाव 'क' आणि कुकरची शिटी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१२ ऑक्टोबर

चि. शरयू हिस,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, रेडमंडचा पाऊस आणि तुझ्या परसातला कोबी खाणारे हरीण या तिघांची प्रकृती अनुक्रमे बरी, नेहमीसारखी आणि फारच उत्तम असावी, असे धरून चालतो. माझे ठीक आहे. तुझ्या वहिनीचेही ठीक असल्याचे कळते. 'कळते' हे क्रियापद मी विचारपूर्वक योजले आहे. सुमित्रा सध्या माझ्यापासून साडेतीन हजार मैलांवर, पोर्तुगालमधल्या एका डोंगराळ गावात आहे. आम्ही दोघे तेथे एक महिना राहून पाहण्यासाठी गेलो होतो. ठरल्या दिवशी मी परतलो; ती परतली नाही. तिने तिकीट पुढे ढकलले, आणि आता ते ढकलण्याचीही तिला घाई दिसत नाही. तिला परत आणणे हा या पत्राचा हेतू आहे, आणि ती माझ्यापेक्षा तुझे अधिक ऐकते, म्हणून हे पत्र तुला. तुम्ही डॉक्टर मंडळी आधी इतिहास ऐकता आणि मग निदान करता, तेव्हा इतिहास क्रमाने देतो. (गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर तू त्याचे फोटो बघशील, आणि फोटो बघणे हा या रोगाचा पहिला टप्पा आहे. चाळीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात करत आलो त्याप्रमाणे त्याला 'क' म्हणू.)

गेल्या फेब्रुवारीत सुमित्रा टपालपेटीकडे जाताना बर्फावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले, हे तुला ठाऊक आहेच. टपालाची गाडी येईपर्यंत ती पंचवीस मिनिटे तेथेच पडून होती. (मी त्या वेळी अभ्यासिकेत एका लेखाचे खंडन लिहीत होतो. दार बंद होते. ती हाका मारत होती, असे मागाहून समजले.) त्यानंतर या घरात आम्ही दोघांनी राहू नये, यावर सर्वांचे एकमत झाले, कोठे राहावे यावर मात्र नाही. चि. सत्यजितने अ‍ॅशबर्नहून आपले तळघर देऊ केले. "बाबा, सेपरेट एन्ट्रन्स आहे, फुल बाथ आहे, तुम्हाला कोणी डिस्टर्ब करणार नाही." अ‍ॅशबर्नमध्ये साऱ्या जगाची संगणकी माहिती बिनखिडक्यांच्या इमारतींत साठवून ठेवतात. त्याच गावाला आईवडिलांसाठीही तीच रचना सुचावी, यात सुसंगती आहे हे मी मान्य केले आणि नम्रपणे नकार दिला.

अशा मोकळ्या मैदानात राजीव उतरला. राजीव म्हणजे आमच्या मराठी मंडळातला, नुकताच निवृत्त झालेला इंजिनिअर. वय एकसष्ट, उत्साह एकवीसचा, आणि माहितीचा उगम व्हिडिओ. त्याने घरी येऊन जाहीर केले, "सर, अमेरिकेत काय ठेवलंय आता? युरोप! लाइफस्टाइल बघा तिथली!" मी लाइफस्टाइलची व्याख्या मागितली. तो म्हणाला, "म्हणजे बघा, सकाळी चौकात जायचं, एक कॉफी घ्यायची, नुसतं बसायचं. नो टेन्शन." नुसते बसण्याची सोय येथेही आहे आणि गेली बारा वर्षे मी ती उपभोगतो आहे, हे मी निदर्शनास आणले. त्यावर तो म्हणाला, "नाही सर, तिथे नुसतं बसलं की ते कल्चर असतं. इथे नुसतं बसलं की डिप्रेशन." शरयू, माझ्या उभ्या कारकिर्दीत मला इतके निरुत्तर करणारे विधान कोणी केले नव्हते. ते बरोबर होते म्हणून नव्हे. त्याला पकडायला कोठून सुरुवात करावी हेच कळेना म्हणून.

तरीही विषय आला, तर तो रीतसर सोडवणे मला भाग होते. मी सत्तावीस गावांचे कोष्टक केले. एकोणीस निकष, एकूण शंभर गुण. हिवाळ्याचे किमान तापमान, इस्पितळाचे अंतर, पायी फिरण्याची सोय, कढीपत्ता किती मैलांवर मिळतो, इत्यादी. त्यांपैकी बारा गुण मी 'मराठी मंडळ नसणे' या निकषाला दिले होते. (पन्नास वर्षे मी मंडळाच्या घटनादुरुस्त्या लिहिल्या आहेत. बारा गुण कमीच होते.) कोणत्या निकषाला किती वजन द्यावे यासाठी दोन रकाने होते, एक माझा आणि एक सुमित्रेचा. सुमित्रेने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि "तुम्हीच ठरवा" म्हणून परत दिला. रिकामा रकाना मी संमती मानला, आणि बेरजेत गाव 'क' पहिले आले. (मौनातून संमतीचे अनुमान काढता येत नाही, हे सिद्ध करणारा माझा लेख १९८८ साली प्रसिद्ध झाला होता. त्याचा आजवर चार ठिकाणी उल्लेख झाला असून त्यांतले दोन माझे आहेत.)

पुढची चूक निखळ माझी. आपला निष्कर्ष कोणीतरी खोडून दाखवावा, ही जन्माची खोड. म्हणून मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी 'निवृत्तीसाठी युरोपातील गाव : एक तर्कशुद्ध निवड' हे व्याख्यान बावन्न स्लाइड्ससह दिले. आक्षेप लिहून घेण्यासाठी कोरी वही नेली होती. 'मराठी मंडळ नसणे' ही स्लाइड आली तेव्हा मराठी मंडळाने टाळ्या वाजवल्या. एकही आक्षेप आला नाही. श्रीखंड आले, आणि पाठोपाठ राजीव उभा राहून म्हणाला, "सर, कन्व्हिन्स झालो! आम्हीपण येतो!" अशा रीतीने विमानात बसण्यापूर्वीच गाव 'क'चे बारा गुण गेले. सर्वांना पटेल असा युक्तिवाद करण्यातला धोका मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळला.

आता प्रत्यक्ष गाव. पायी फिरण्याच्या सोयीला मी दहापैकी साडेनऊ दिले होते, आणि नकाशावर ते योग्यच होते. नकाशाला चढ नसतो. गाव 'क'मध्ये बेकरीपासून घरापर्यंतचे अंतर दोनशे मीटर आहे, फक्त ते बरेचसे उभे आहे. रस्ते गुळगुळीत दगडांचे. त्यांवर दव पडले की आमच्या फेब्रुवारीची आठवण व्हावी. येथील घराच्या चौदा पायऱ्या नकोत म्हणून आम्ही निघालो होतो. तेथे भाड्याने घेतलेली जागा तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नाही. पायऱ्या एकसष्ट. (जाहिरातीत 'सुंदर दृश्य' असे लिहिले होते. एवढे चढल्यावर दृश्य दिसणारच.)

राजीव आणि त्याची पत्नी उत्तरा शेजारच्या गल्लीत उतरली. पहिल्या दिवशी राजीव चौकात बसला. कॉफी चाळीस मिनिटांनी आली. त्याने वेटरला घड्याळ दाखवले. वेटरने घड्याळाची मनापासून स्तुती केली. त्याच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. प्लंबर 'उद्या' येणार होता, आणि हा 'उद्या' एकामागून एक पाच दिवस आला, प्लंबर आला नाही. सहाव्या दिवशी राजीवने मंडळाच्या ग्रुपवर 'या देशात सिस्टिमच नाही' असे लिहिले, आणि नवव्या दिवशी नुसते बसण्याची संस्कृती सोडून तो परत आला. निघताना उत्तरा म्हणाली, "काका, ह्यांना शांतता हवी होती हो. पण वेळेवर." इतके नेमके निरीक्षण मी माझ्या व्याख्यानात करू शकलो नव्हतो.

येथवर तू समजली असशील की गाव 'क' अपात्र ठरले. मीही तेच समजलो होतो. परंतु दरम्यान तुझ्या वहिनीने कुकर लावला होता.

कुकर तिने येथूनच नेला होता. सामानाच्या तेवीस किलोंत सहा किलो गोडा मसाला, तूरडाळ आणि कुकर, दोन किलो तिचे कपडे आणि उरलेल्यात माझी टिपणे. तिसरी शिटी झाली तोच दारावर धपाधप थापा पडल्या. दारात तळमजल्यावरच्या दोना (म्हणजे आपल्याकडच्या 'बाई') फिलोमेना उभ्या. वय त्र्याऐंशी, पायांत घरातल्या सपाता, हातात पाण्याची बादली. आग लागली, किंवा काही फुटले, असे समजून त्या एकसष्ट पायऱ्या बादलीसह चढून आल्या होत्या. अर्धे पाणी जिन्यात सांडले होते, उरलेले त्या कुकरवर ओतण्याच्या बेतात होत्या. सुमित्रेने त्यांना कसेबसे आवरले. मग त्या खुर्चीवर बसल्या, दम लागलेल्या अवस्थेत दहा मिनिटे पोर्तुगीजमध्ये रागावल्या, सुमित्रेने मराठीत क्षमा मागितली आणि त्यांना गरम वरणभात, वर तूप आणि लिंबू असे वाढले. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या शिटीलाच आल्या. बादलीऐवजी हातात अंजिरे होती.

तेव्हापासून रोज. दोघींना एकमेकींचे अक्षर कळत नाही, आणि तरी दोघी दोन-दोन तास बोलतात. मी एकदा सुमित्रेला विचारले, की त्या काय म्हणतात हे तुला कसे कळते? ती म्हणाली, "त्यांच्या सुनेबद्दल सांगतायत." पुरावा मागितला, तेव्हा दोघीही माझ्याकडे बघून हसल्या. तिसऱ्या आठवड्यात तर शिटी झाली की समोरचा न्हावी दुकान बंद करून जेवायला जाऊ लागला.

शेवटच्या दिवशी मी गाव 'क'विरुद्ध अकरा पानी समारोप वाचून दाखवला. सुमित्रेने शांतपणे ऐकला, मग माझ्या टिपणांतून ते कोष्टक काढले आणि आपल्या रिकाम्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले : 'हाक मारली तर कोण येईल? १००.' मी दाखवून दिले, की असा निकष अव्याख्येय आहे. एकाच निकषाला सगळे गुण दिल्यास कोष्टकाला अर्थ उरत नाही. आणि मुख्य म्हणजे हे तिने आधी सांगायला हवे होते. ती म्हणाली, "मारली होती की हाक. फेब्रुवारीत."

या उत्तरात हेत्वाभास आहे. कोणता, हे मी परतीच्या विमानात सात तास शोधत होतो.

असो. तर विनंती अशी, की तू तिला फोन करून पुढील मुद्दे तुझे म्हणून मांडावेस. पहिला आणि निर्णायक : एकसष्ट पायऱ्या, आणि तिचे मनगट. दुसरा, नव्वद दिवसांनंतर तेथे राहायला निराळा व्हिसा लागतो. तिसरा, कढीपत्ता दोनशे दहा मैलांवर आहे. चौथा, दोना फिलोमेना त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, तेव्हा हा निकष फार काळ टिकणारा नाही (हा जरा जपून मांड). पाचवा असा, की मला येथे काहीही अडचण नाही, आणि त्यामुळे तिने माझ्यासाठी परत यावे असे मुळीच नाही. केवळ तर्काला धरून यावे.

हरणाला हाकलताना धावू नकोस. गुडघ्याला जप.

तुझा,
पुरुषोत्तमदादा

ता. क. तूरडाळीला किती शिट्या कराव्या लागतात? हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेपोटी आहे.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी सुमित्रेचा ईमेल आला. दोना फिलोमेनांच्या समोरची तळमजल्यावरची जागा रिकामी झाली असून तिने एक वर्षाचा भाडेकरार पाठवला आहे. पायऱ्या शून्य. म्हणजे माझ्या युक्तिवादाचा कणाच गेला. करारात तिने सर्व काही भरले आहे. फक्त 'राहणाऱ्या व्यक्तींची संख्या' हा रकाना रिकामा ठेवला आहे. रिकाम्या रकान्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मला १९८८ साली ठाऊक होते.

ता. क. ३. पाकीट अजून टपालात टाकलेले नाही. काल माळ्यावरचा जुना कुकर काढून लावला. अभ्यासिकेचे दार उघडे ठेवून बसलो. सात शिट्या झाल्या. कोणीही आले नाही.

तेव्हा वरचे पाच मुद्दे तिला सांगू नकोस. फक्त एवढे विचार, की त्या रकान्यात 'दोन' लिहिले तर चालेल का. मीच विचारले असते. पण तिने कारण विचारले तर मला द्यावे लागेल, आणि या वेळी माझ्याजवळ एकही मुद्दा नाही.