पोरीचे एन्झाइम

३ फेब्रुवारी, सोमवार

बारसं राहिलं. पाळणा बांधलेला, घुगऱ्या शिजलेल्या, आणि पोर दूधच ओढेना. विशाल आणि सुकन्या – माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको – तिला घेऊन सकाळीच वडप्याहून भिवंडीत दवाखान्यात आले. बारा दिवसांची पोर. अंग कोमट, हाक मारली तर डोळा उघडत नाही. आई म्हणते, "दिष्ट लागलीय. पाचवीला गाव भरून बाया आल्या व्हत्या."

रक्त आमच्याच लॅबला आलं. पोरीला अजून नाव नाही, म्हणून नळीवर नुसतं 'सुकन्याचं बाळ'. मीच मशीनवर लावलं. एसजीओटी बाराशे चाळीस! शंभराच्या आत हवं.

वाटलं, नमुना बिघडला. एवढ्याशा टाचेतून रक्त पिळून काढताना पेशी फुटतात आणि आकडा उगाच चढतो. नळी उजेडात धरून पाहिली. सीरम स्वच्छ, पिवळं. पुन्हा लावलं. बाराशे चोवीस.

हे एन्झाइम यकृताच्या पेशीत असतं. पेशी फुटली की रक्तात उतरतं. वीस वर्षं पेशंटना हेच सांगत आले. आज नळी हातात धरून स्वतःला सांगितलं.

४ फेब्रुवारी

बाळांच्या डॉक्टर माजिदा मॅडम पोरीच्या पाठीवरचे तीन बारीक फोड बघत बराच वेळ वाकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हर्पिस वाटतोय. फोडातलं पाणी मुंबईला पाठवते, पण रिपोर्टसाठी थांबणार नाही. औषध अभी चालू."

नंतर सगळ्यांना विचारलं, "घरात कुणाच्या ओठावर जर उठला होता? तापात येतो तसा फोड. तोही याच विषाणूचा."

आई लगेच, "न्हाय." विशाल मोबाईलमध्ये. सुकन्याने नाही म्हणून मान हलवली. मी पोरीची फाइल चाळत राहिले.

पाचवीला माझ्या ओठावर जर होता! खपली धरलेली, लिपस्टिकखाली झाकलेली. आमच्याकडे पाचवीला पोर आधी आत्याच्या ओटीत देतात. आईने दिली. मी कपाळाचा मुका घेतला. दोनदा.

हातमोज्याशिवाय मी कुणाची नळी धरत नाही.

५ फेब्रुवारी

दुपारी झटका आला. डावा हात आणि डावा पाय. दीड मिनिट. सुकन्या घड्याळ बघत होती, रडत नव्हती. आठव्या दिवसापासून बाळंतिणीची पाठ शेकतात, ही बाकावर बसून आहे.

६ फेब्रुवारी

औषध दर आठ तासांनी, शिरेतून. मॅडमनी ते कसं चालतं ते सांगितलं, मी पुन्हा घरी येऊन पुस्तकात वाचलं. निरोगी पेशीत हे औषध जवळजवळ निजून असतं. विषाणू पेशीत शिरला की स्वतःचं एक एन्झाइम तयार करवतो, स्वतःच्या वाढीसाठी. तेच एन्झाइम या औषधाला जागं करतं आणि त्याची वाढ तिथेच खुंटते. बाकीच्या पेशींना फारसा धक्का नाही. तीनदा वाचलं. देवाचं नाव घ्यावं तसं.

आज आईला कुणीतरी सांगितलं की हर्पिस म्हणजे 'तसला' रोग. व्हरांड्यात सगळ्यांसमोर सुकन्याला म्हणाली, "आमच्या घरात असला कधी न्हाय झाला. म्हायेरशी आनलास काय गो?"

सुकन्या भिंतीकडे तोंड करून दूध काढत बसली होती. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

विशाल म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता." एवढंच.

आणि मी? मी तर तेवढंही बोलले नाही.

७ फेब्रुवारी

सांगितलं. आधी मॅडमना, मग बाकावर सगळ्यांना. "जर माझ्या ओठावर होता. मुका मी घेतला."

आई माझ्याकडे वळली. "मंग चार दिस त्वांड शिवून बसलीस काय? शिकलेली ना गो तू!" मग उठली, डब्यातली तांदळाची भाकरी सुकन्यापुढे ठेवली. "खा. तुला काय बोलली मी... खा."

सुकन्या भाकरी हातात घेऊन रडली. पहिल्यांदाच. माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

विशालच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. दिसला नाही. "होतं गं असं," म्हणाला आणि चहा आणायला गेला. बराच वेळ आला नाही.

८ फेब्रुवारी

माझंही रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. माझ्या हाताने केलेलं कागदावरही असू दे.

११ फेब्रुवारी

एसजीओटी सहाशे दहा. झटका नाही. नळीतून दूध पचतंय.

१४ फेब्रुवारी

एकशे ऐंशी! मशीन दोनदा चालवलं – यावेळी फक्त आनंदाने. पोर रडली, चांगली कर्कश्श. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "क्या आवाज है, दादी पे गयी है!" आई पण हसली.

मॅडम म्हणाल्या, एकवीस दिवस औषध पुरं करायचं. मेंदूवर काय राहिलं ते वाढेल तसं कळेल. ते ऐकून घेतलं.

आईने बारशाचं विचारलं. "नाव तूच ठेवायचंस. आत्या हायस." मी हो म्हटलं नाही. पोरीला अजून हात लावलेला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुंबईचे दोन्ही रिपोर्ट लॅबला आले. पोरीच्या फोडात टाइप दोन. माझ्या रक्तात फक्त टाइप एक, ओठावरचा नेहमीचा. म्हणजे माझ्याकडून नाही. टाइप दोन शरीरसंबंधातून पसरतो, आणि बाळाला बहुतेक जन्मताना त्याच्या आईकडून येतो. सुकन्याला तो कुठून, ते नळीत दिसत नाही.

पाकीट बंद करून माजिदा मॅडमच्या हातात दिलं. त्या विशाल आणि सुकन्या दोघांनाच आत बोलावून सांगतील, दोघांची तपासणी करतील.

दाराशी आईने अडवलं. "काय आला गो?"

"माझाच होता, आई."